मागच्या दाराची टिपणे

१.
जेबेल अलीच्या पाठीमागे, १९९७ साली आखलेली २३०० हेक्टरची वसाहत. कारखाने, गोदामं, मोठ्या लाँड्र्या, कामगारांच्या राहण्याच्या इमारती, शाळा, झाडांनी भरलेली ग्रीन कम्युनिटी, मोजकी हॉटेलं. कागदावर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, बोलण्यात डीआयपी. दुबई बघायला आलेला पाहुणा सहसा इथे फिरकत नाही. त्याची चादर मात्र इथे येते.

२.
पहाटे लाँड्रीच्या गाड्या निघतात. जाळीच्या ट्रॉल्यांत घडी घातलेल्या पांढऱ्या चादरी, परतताना त्याच ट्रॉल्यांत गाठोडी. सगळ्या चादरी पांढऱ्याच. कुठली पाच ताऱ्यांची, कुठली तीन ताऱ्यांची, ते फक्त काठावरच्या रंगीत दोऱ्यावरून कळतं.

३.
लाँड्रीतले सुपरवायझर चिपळूणकडचे. त्यांना विचारलं, “भाऊ, सगळ्यात जास्त काय येतं?” म्हणाले, “टॉवेल. आणि ताई, निम्मे तर वापरलेलेच नसतात. मशीनला काय कळणार? आलं की धुवायचं.”

४.
इथे नदी नाही. नळाचं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी. जेबेल अलीत गॅस जाळून वीज करतात, त्याच्या उरलेल्या उष्णतेवर वाफ करतात आणि त्या वाफेवर समुद्राचं पाणी उकळून गोडं करतात. मीठ गाळून काढणारे पडद्यांचे प्रकल्प आता वाढताहेत, पण मोठा वाटा अजून उष्णतेचाच. २०२३ मध्ये दुबईची गोडं पाणी करण्याची क्षमता दिवसाला ४९ कोटी इंपीरियल गॅलन होती. लिटरमध्ये सव्वादोनशे कोटींच्या जरा अलीकडे. उरलेलं दाट खारं पाणी परत आखातात जातं. आखात उथळ आहे, आधीच खारट आणि उष्ण आहे.

न वापरलेला टॉवेल धुतला जातो तेव्हा एवढं सगळं खर्च होतं: गॅस, समुद्र, वीज, साबण, ड्रायरची उष्णता आणि एका माणसाची रात्रपाळी.

५.
२०२३ मध्ये दुबईत मुक्कामाला आलेले परदेशी पाहुणे: १ कोटी ७१ लाखांहून जास्त. २०२४ मध्ये: १ कोटी ८७ लाखांहून जास्त. २०२३च्या पाहुण्यांत भारतातून आलेले सुमारे २४ लाख ६० हजार, कुठल्याही एका देशातून आलेल्यांत सर्वांत जास्त.

६.
बाथरूममधलं कार्ड सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पृथ्वी वाचवायची असेल तर टॉवेल टांगा, बदलून हवा असेल तर खाली टाका. जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ साली या कार्डांवरूनच ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द वापरात आणला. त्याचा आक्षेप साधा होता: बचत हॉटेलची, नाव पृथ्वीचं.

आक्षेप खरा आहे. टॉवेल न धुतल्याने पाणी वाचतं, हेही खरं आहे.

७.
कार्डावर काय लिहावं, याचा प्रयोग झालेला आहे. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशस या तिघांनी अमेरिकेतल्या एका हॉटेलात केला, २००८ मध्ये छापला. “पर्यावरण वाचवा” एवढंच लिहिलेल्या खोल्यांत ३७ टक्क्यांच्या आसपास टॉवेल पुन्हा वापरले गेले. “याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला” असं लिहिल्यावर आकडा ४९च्या पुढे गेला. आधी त्या पलंगावर झोपून गेलेल्या अनोळखी माणसाचा शब्द पृथ्वीपेक्षा जड ठरला.

मग जर्मनीत तोच प्रयोग २०१४ मध्ये छापला गेला, आणि तिथे हा फरक दिसला नाही. पाहुणे आधीच टॉवेल टांगत होते, साध्या कार्डानेही. म्हणजे एका देशातलं वाक्य उचलून दुसऱ्या देशात चिकटवण्यात अर्थ नाही. दुबईत, भारतीय पाहुण्यांवर, मराठीत किंवा हिंदीत लिहिलेल्या कार्डाचा प्रयोग व्हायला हवा. एवढे पाहुणे आपले आहेत.

८.
हॉटेलातल्या सूचना अरबी आणि इंग्रजीत. खोली आवरणाऱ्या एकाची भाषा नेपाळी.

९.
खोल्या आवरणारा एक मुलगा, सावंतवाडीचा. दिवसाला चौदा-पंधरा खोल्या. म्हणाला, “टांगलेला टॉवेल मी तसाच ठेवला आणि पाहुण्याने तक्रार केली, तर ती माझ्या नावावर. बदलला तर कुणीच काही बोलत नाही. मग मी काय करणार सांगा.”

पाहुण्याने ऐकलं, कार्डाने काम केलं, आणि तरी टॉवेल लाँड्रीत गेला. पाहुण्यांच्या वर्तनावर जितकं लिहिलं जातं त्याच्या पावभरही या मुलाच्या भीतीवर लिहिलं जात नाही. हॉटेलने त्याला एक वाक्य लेखी द्यावं: टांगलेला टॉवेल न बदलल्याबद्दल तुझ्यावर ठपका येणार नाही. पैसे न लागणारी सुधारणा आहे ही.

१०.
हॉटेलं चादरींचा हिशेब ‘पार’मध्ये करतात. तीन पार म्हणजे एक जोडी पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. लाँड्री वसाहतीत दूर असली की रस्त्यातली जोडी धरून चौथा पार लागतो. धुणं कमी झालं तर नुसतं पाणी वाचत नाही. कापूस कमी लागतो, चादर जास्त टिकते, ट्रकच्या फेऱ्या घटतात. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या कापसाचा कुठला धागा या ट्रॉलीत असेल ते सांगता येत नाही, पण कापूस कुणीतरी शेतात पिकवलेलाच असतो.

११.
चांगल्या लाँड्रीत लांबलचक बोगद्यासारखी मशीन असते. कपडे एका टोकाकडून पुढे सरकतात, पाणी उलट दिशेने येतं. शेवटच्या खळबळण्याचं जवळजवळ स्वच्छ पाणी आधीच्या टप्प्याला पुन्हा वापरलं जातं. बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याची ऊब आत येणाऱ्या थंड पाण्याला देतात. सुपरवायझर हे दाखवताना जितके खुलले होते तितके आधी खुलले नव्हते. पाहुण्यांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. सांगत कुणी नाही.

१२.
दुबईच्या पर्यटन खात्याने २०२१च्या जुलैपासून सगळ्या हॉटेलांना १९ अटी सक्तीच्या केल्या. पाणी, वीज, कचरा यांची योजना हवी. हॉटेलात त्यासाठी समिती हवी. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हवं. पाहुण्यांना माहिती द्यायला हवी. पुढे सुवर्ण, रौप्य आणि कांस्य असा शिक्काही आला.

ऐच्छिक असतं तर निम्म्या हॉटेलांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं असतं. सक्ती केली हे बरं केलं. आता त्या समितीत खोली आवरणारा आणि भांडी घासणारा बसतो का, हे विचारायचं.

१३.
नाश्त्याचा बुफे. सहलीचा मराठी गट सकाळी साडेसातला. साडेआठला बस. तासाभरात सगळं चाखायचं, आणि पैसे तर आधीच भरलेले. बशीत इडली, त्यावर पॅनकेक, बाजूला फूल नावाची अरबी उसळ, हुम्मुस, तीन प्रकारचे ब्रेड, वर कलिंगडाची फोड. मुलांच्या बशा आया भरतात, मुलं दोन घास खातात, बस येते.

माणसं वाईट नाहीत. हीच माणसं घरी उष्टं टाकू देत नाहीत. पंगतीत वाढपी असायचा. तो थोडं वाढायचा, पुन्हा यायचा, पानावर आडवा हात धरला की पुढे जायचा. आग्रह होता, पण वाढण्याचा हात दुसऱ्याचा होता आणि फेरी पुन्हा येणार याची खात्री होती. बुफेने वाढपी काढून टाकला. आपल्याला एकदाच मिळणार आहे या घाईने बशी भरते.

म्हणून डोसा काउंटरवर वाया कमी जातं आणि ट्रेमधला उपमा टोपलीत जातो. काउंटरवर माणूस उभा आहे, तो एक डोसा देतो, हसतो, पुन्हा या म्हणतो.

१४.
नॉर्वेत हॉटेलांनी बुफेच्या बशांचा व्यास कमी केला. दुसरीकडे नुसती पाटी लावली: पुन्हा पुन्हा या, एकदम भरू नका. दोन्ही ठिकाणी वाया जाणारं अन्न साधारण २० टक्क्यांनी घटलं. कालबेक्केन आणि सेलेन यांचा अभ्यास, २०१३चा. पाहुण्यांचं समाधान कमी झालं नाही.

स्लोव्हेनियातल्या हॉटेलात सारा डोल्निचार आणि तिच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांना वह्या दिल्या. बशी रिकामी केली की एक शिक्का, शिक्के भरले की छोटं बक्षीस. कुटुंबांच्या बशांतलं वाया जाणारं अन्न ३४ टक्क्यांनी कमी झालं.

१५.
संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज: २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांत, २८ टक्के हॉटेलं-उपाहारगृहं-कँटिनांत, उरलेलं दुकानांत.

घर पहिलं आहे. हॉटेलला नावं ठेवताना हे विसरू नये.

१६.
स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्याखाली तराजू, वर पडदा. टाकताना काय टाकलं ते नोंदवायचं: भात, ब्रेड, ट्रेमधलं उरलेलं. पडद्यावर वजन आणि त्याची किंमत दिसते. लंडनमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या विनो कंपनीची ही कल्पना, अमिरातीतल्या अनेक हॉटेलांत पोहोचली आहे. शेफ लोकांना उपदेश आवडत नाही, कुणालाच आवडत नाही. पण बिर्याणीच्या ट्रेची किंमत डब्यात पडताना दिसली की दुसऱ्या दिवशी तांदूळ कमी भिजतो.

१७.
दुबईत २०१७ साली यूएई फूड बँक सुरू झाली. अन्नसुरक्षेचे नियम पाळून उरलेलं चांगलं अन्न गरजूंपर्यंत नेते. २०२२ साली ‘नेमा’ हा राष्ट्रीय उपक्रम आला. २०३०पर्यंत अन्नाची नासाडी निम्मी करायची असं उद्दिष्ट.

१८.
डीआयपीतलं कामगार निवासस्थान. संध्याकाळी सातनंतर भांड्यांचा आवाज. प्रत्येकाची आपापली स्टीलची थाळी, आपापली पाण्याची बाटली, ती जिन्याजवळच्या कूलरवर भरलेली. भात मापून शिजतो, कारण तांदळाचे पैसे सगळ्यांत वाटलेले असतात. डाळ उरली तर सकाळी चपातीबरोबर. यांतले काही जण दिवसभर बुफेचे ट्रे उचलत होते.

प्रशिक्षण द्यायचं असेल तर कुणी कुणाला द्यायचं?

१९.
खोलीत विजेसाठी कार्ड घालायची खाच असते. आपण बाहेर पडताना कार्ड काढायचं, एसी बंद व्हावा म्हणून. बरेच जण रिसेप्शनवर दुसरं कार्ड मागून घेतात आणि ते आत ठेवून जातात. परत येऊ तेव्हा खोली गार हवी. दुबईच्या ऑगस्टमध्ये ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण खोली थोड्या वेळात गार होते आणि आपण आठ तास बाहेर असतो.

भारतात १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेला खोलीचा एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावा असा नियम आहे. कमी करायचा तर करा. पण सुरुवात २४ला. बरीच माणसं सुरुवातीच्या आकड्याला हात लावत नाहीत. हॉटेलच्या एसीलाही हे लागू करता येईल, आज संध्याकाळी.

२०.
१ जुलै २०२२: दुबईत दुकानातल्या पिशवीला २५ फिल्स. आपले पाच-सहा रुपये. आठवड्याला हजारांची खरेदी करणाऱ्यांच्या गाडीतही कापडी पिशव्या दिसू लागल्या.
२०२४: एकदाच वापरायच्या पिशव्या बंद.
२०२५: स्ट्रॉ, ढवळण्या, फोमचे कप आणि डबे बंद.
२०२६: प्लॅस्टिकच्या ताटल्या, चमचे, काटे, खाद्यपदार्थांचे डबे बंद.

महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी २३ मार्च २०१८ला आली. एकदम, पुष्कळ वस्तूंवर. दुबईने आधी किंमत लावली, मग बंदी, मग यादी वाढवत नेली. मला दुसरी पद्धत जास्त टिकाऊ वाटते. दुकानदाराला साठा संपवायला वेळ मिळतो आणि गिऱ्हाइकाला सवय लागायला.

२१.
‘दुबई कॅन’: फेब्रुवारी २०२२ पासून बागा, किनारे, गर्दीच्या जागा इथे पाण्याचे फुकट नळ. थंड, गाळलेलं. बाटली आपली.

सहलीच्या बसमध्ये मात्र रोज प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे खोके चढतात. अर्धी प्यायलेली बाटली सीटच्या जाळीत राहते, दुसऱ्या दिवशी नवी. ड्रायव्हर संध्याकाळी उरलेलं पाणी रस्त्याकडेच्या झाडांना घालतो. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

२२.
वापरलेलं तळणीचं तेल. मॅकडॉनल्ड्सने अमिरातीत २०११ पासून आपल्याच तळणीच्या तेलाचं बायोडिझेल करून आपले ट्रक चालवले. ज्या तेलात बटाटे तळले त्यावरच बटाटे वाहून आणले.

२३.
डीआयपीपासून जवळच, अल मक्तूम विमानतळाजवळ, बुस्तानिका. २०२२च्या जुलैत उघडलेली, इमारतीच्या आत मजल्यांवर पालेभाजी पिकवणारी शेती. वर्षाला दहा लाख किलोंहून जास्त पाला, शेतीच्या तुलनेत ९५ टक्के कमी पाणी, असं कंपनी सांगते. एमिरेट्सच्या विमानांत ही पानं जातात. दिव्यांना वीज लागते, तो हिशेब वेगळा मांडायला हवा. तरी वाळवंटात विमानाने लेट्यूस आणण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

जेवणाच्या ट्रेमधलं ते सॅलड किती जण न उघडता परत देतात, ते पुढच्या प्रवासात बघा.

२४.
वरसानला कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प आहे. वर्षाला सुमारे २० लाख टन कचरा, दोनशे मेगावॉटहून जास्त वीज. जगातल्या मोठ्यांपैकी. पण अन्न म्हणजे बरंचसं पाणी. ओला कचरा जाळायला उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते. समुद्राचं पाणी उकळून गोडं केलं, त्यात भात शिजवला, तो टाकला आणि त्यातलं पाणी पुन्हा उकळून उडवलं.

२५.
कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलात पाहुण्यांना खोलीची चावी देताना विचारलं: मुक्कामात पर्यावरणाची काळजी घेईन, असा शब्द देता का? ज्यांनी टॉवेल पुन्हा वापरण्याचा नेमका शब्द दिला आणि ज्यांना कोटाला लावायची छोटी पिन मिळाली, त्यांचं टॉवेल टांगण्याचं प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त वाढलं. २०१३चा अभ्यास. दाराशीच विचारलं, आणि कबूल करून घेतलं, हे दोन्ही महत्त्वाचं. खोलीतलं कार्ड वाचलं तर वाचलं.

२६.
खोली रोज आवरायची नाही, मागितली तरच, ही पद्धत आता पसरते आहे. पाणी, रसायनं, वीज, सगळ्यांची बचत होते. पण २०१८ साली अमेरिकेत मॅरिअटच्या कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा त्यांच्या तक्रारींत ही ‘हरित’ योजनाही होती. आवरण्याचे तास घटतात, पगार घटतो, आणि चार दिवस न आवरलेली खोली शेवटी एका माणसाला तेवढ्याच वेळात चकाचक करावी लागते.

दुबईत संपाला मुभा नाही. म्हणून तर हे आधीच ठरवायला हवं: खोली न आवरल्याने वाचलेल्या पैशातला वाटा आवरणाऱ्याचा. सावंतवाडीचा मुलगा घरी जे पैसे पाठवतो त्यातून पृथ्वी वाचवायची नाही.

२७.
सहलीची बस प्रेक्षणीय जागेबाहेर उभी. इंजिन चालू, एसी चालू, आत फक्त ड्रायव्हर. पाऊण तास. त्याला बसायला गार जागा द्या, इंजिन बंद होईल.

२८.
डीआयपीला आता मेट्रो आहे, एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या फाट्यावर, २०२१ पासून. एका टोकाला एक्स्पो सिटी, जिथे २०२३च्या अखेरीस कॉप-२८ हवामान परिषद भरली. स्टेशनवरून संध्याकाळी उतरणाऱ्यांत हॉटेलांच्या गणवेशातली माणसं पुष्कळ. पर्यटक थोडे.

२९.
मराठी सहली दुबईला आणणाऱ्या टूर मॅनेजरांना विनंती. पहिल्या संध्याकाळी बसमध्ये माइक हातात असतोच. चार गोष्टी मराठीत सांगा. प्रत्येकाने आपली बाटली आणावी, भरायच्या जागा या. बुफेत दोनदा उठा, एकदम भरू नका, बस थांबेल. खोली रोज आवरून नको असेल तर रिसेप्शनवर असं सांगा. बाहेर पडताना कार्ड काढा. आणि हे सांगितल्यावर नाश्त्याला खरोखर पंधरा मिनिटं जास्त द्या.

३०.
जाणाऱ्यांसाठी एक: खोली आवरणाऱ्याला, मराठी असो वा नसो, पहिल्याच दिवशी समोरासमोर सांगा की टॉवेल बदलू नका, आणि रिसेप्शनलाही सांगा की हे मीच सांगितलंय. त्याच्यावर ठपका येणार नाही.